उंची, दिशा आणि माणूस : लांब पल्ल्याच्या वाय-फायची गोष्ट

मंडळाच्या कार्यक्रमात कोणी माझी ओळख ‘हा सॉफ्टवेअरवाला’ अशी करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “अरे, आमच्या गच्चीवर वाय-फाय येत नाही, काय करू?” आता सॉफ्टवेअर लिहिणं आणि गच्चीवर सिग्नल पोचवणं यांत गाडी चालवणं आणि रस्ता बांधणं एवढा फरक आहे. पण सिल्वासासारख्या गावात हा फरक फार काळ टिकत नाही. मी बी.ई. करून इथल्या एका कारखान्यात लागलो. आयटी विभागात माणसं दोन, त्यामुळे प्रोग्रॅमही आम्हीच लिहायचे आणि शिडीवर चढून अँटेनाही आम्हीच बांधायचा. मधल्या रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये तार न टाकता नेट नेलं, तेव्हापासून गच्चीवाल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येऊ लागलं.

गेल्या वर्षी मात्र एक वेगळा प्रश्न आला. आमच्या प्लांटमधले एक इलेक्ट्रिशियन खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावर राहतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांची मुलगी बारावी झाली. कॉलेजचा प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन. पाड्यावर फोनला रेंज मिळते ती टेकडीवरच्या एका ठरावीक जागी, तीसुद्धा हवेच्या मर्जीने. ओटीपी येईपर्यंत अर्जाचं पान बंद पडायचं. शेवटी बापलेक सिल्वासाला आले, दुकानात रांग लावून अर्ज भरला. भाऊंचा एक दिवसाचा पगार गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “साहेब, तुम्ही त्या शेडमध्ये तार न टाकता नेट नेलंत. तसं आमच्या पाड्यावर नाही का नेता येणार?”

नेता येतं. कसं नेता येतं आणि नेल्यावर खरी अडचण कुठे सुरू होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

वाटेचा हक्क

आपल्या प्रदेशाचा नकाशा एकदा नीट बघा. दादरा वेगळं, नगर हवेली वेगळी, मध्ये गुजरातची पट्टी. नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मघवाल हे गुजरातचं गाव. दक्षिणेला महाराष्ट्राचा पालघर जिल्हा. एकूण प्रदेश ४९१ चौरस किलोमीटरचा, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना राज्याची हद्द कितीदा ओलांडली हे मोजावं लागतं.

या भूगोलावरून एकदा आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला उभा राहिला होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्या घराघरांत सांगितलं जातं. त्यानंतर पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. दमणहून इथे यायला भारताच्या जमिनीवरून वाट मिळणं हा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांच्यासाठी नाही. भारताने कोणतंही कर्तव्य मोडलेलं नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

इंटरनेटच्या केबललाही असाच वाटेचा हक्क लागतो. रस्त्याकडेला चर खणायचा तर बांधकाम खात्याची परवानगी, जंगलातून जायचं तर वन खात्याची, शेतातून जायचं तर मालकाची, हद्द ओलांडली की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे जंगलही भरपूर आणि हद्दीही भरपूर. रेडिओच्या लहरीला मात्र खालच्या जमिनीचा मालक कोण याच्याशी देणंघेणं नसतं. तिला लागतात फक्त दोन उंच टोकं आणि त्यांच्यामधली मोकळी हवा. म्हणून डोंगराळ, विखुरलेल्या वस्तीसाठी बिनतारी जाळं हा पर्याय पुन्हा पुन्हा पुढे येतो.

ही कल्पना नवी नाही. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. समुद्रात तार टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून हा खटाटोप. आज आपल्या घरातलं वाय-फाय ‘आधी कोणी बोलावं’ हे ज्या पद्धतीने ठरवतं, तिचं मूळ तिथे आहे.

पल्ला कशाने वाढतो?

बहुतेकांना वाटतं, ताकदवान राउटर घेतला की पल्ला वाढतो. दुकानदारही चार काड्यांच्या जागी आठ काड्यांचा राउटर दाखवतो. पण अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाई होतो. ताकद वाढवून या गणिताला किती पुरे पडणार? शिवाय कायद्याने मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अँटेनाने एका दिशेला एकवटलेली ताकद धरून ४ वॅटच्या पुढे जाता येत नाही. आणि राउटर कितीही ओरडला तरी तुमचा फोन उलट बोलणार तो हळूच. संभाषण दोघांचं असतं.

पल्ला वाढतो तो दिशेमुळे. घरातला राउटर म्हणजे खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कंदील, चहूकडे प्रकाश. ताटलीसारखा डिश अँटेना म्हणजे टॉर्च. सेल तेवढेच, पण झोत एकाच बाजूला. दोन्ही टोकांना असे टॉर्च एकमेकांकडे रोखून लावले की पाच-दहा किलोमीटरची जोडणी अगदी साध्या उपकरणांत होते.

हे किती ताणता येतं? व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन पर्वतशिखरांमध्ये ३८२ किलोमीटरचा वाय-फाय दुवा जोडून दाखवला. उपकरण घरगुती राउटरच्या जातीचं, अँटेना मात्र मोठे आणि जागा उंच. त्यांना सॉफ्टवेअरही बदलावं लागलं, आणि इथे माझ्यासारख्याला रस वाटतो. वाय-फायमध्ये एक निरोप पाठवला की ‘मिळाला’ अशी पोच येईपर्यंत थांबायचं असतं, आणि हा थांबण्याचा वेळ मायक्रोसेकंदांत मोजलेला असतो. रेडिओलहर दहा किलोमीटर जायला सुमारे ३३ मायक्रोसेकंद घेते. म्हणजे पोच वाटेतच असताना इकडचा रेडिओ समजतो की निरोप हरवला, आणि पुन्हा पाठवतो. दुवा जोडलेला दिसतो पण चालत काहीच नाही. लांब पल्ल्याच्या उपकरणांत म्हणूनच अंतर भरायची सोय असते किंवा दोन्ही टोकांना बोलण्याच्या वेळा वाटून दिलेल्या असतात.

दिशेनंतर उंची. समोरचं टोक डोळ्याला दिसलं की काम झालं, असं नाही. लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. मधोमध ती लांबट भोपळ्यासारखी फुगते. या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर दहा किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी तो रेषेच्या सर्व बाजूंना सुमारे ११ मीटर पसरतो, आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ७ मीटर भाग मोकळा लागतो. त्यात दहा किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई दीड मीटर वर येते. थोडक्यात, मधल्या झाडांच्या शेंड्यांपासून आठ-नऊ मीटर वरून रेषा गेली पाहिजे. उन्हाळ्यात लावलेला दुवा पावसाळ्यात बंद पडतो त्याचं कारण बहुतेकदा हेच. लोक पावसाला दोष देतात, पण ५ गिगाहर्ट्झवर पावसाच्या सरींनी फारसं बिघडत नाही. बिघडवतात ती पालवी फुटलेली, पाण्याने निथळणारी झाडं. आपल्याकडचा साग एप्रिलमध्ये उघडाबोडका असतो आणि जुलैत त्याचं पान सुपाएवढं होतं. म्हणून पाहणी करायची तर ऑगस्टमध्ये.

शेजारच्या जिल्ह्यातला प्रयोग

भाऊंच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर आपल्या हद्दीला लागूनच मिळतं. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाने ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रकल्प राबवला. प्रमुख होते प्रा. अभय करंदीकर, जे पुढे आयआयटी कानपूरचे संचालक झाले.

त्यांनी सुरुवात केली टीव्हीच्या रिकाम्या जागेपासून. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा टीव्हीसाठी राखलेला, त्यात ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल बसतात. पण आपल्याकडे हवेतून टीव्ही प्रसारण करतं ते फक्त दूरदर्शन. बाकीचे चॅनेल केबलने किंवा डिशने येतात. आयआयटीच्या गटाने देशभराचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळीकडे १५ पैकी निदान १२ चॅनेल मोकळे आहेत. जुन्या वाड्यातल्या बारा खोल्या कुलूप लावून पडल्यासारखंच हे. या लहरींची लांबी अर्धा मीटर ते साठ-पासष्ट सेंटीमीटर असते, ५.८ गिगाहर्ट्झची पाच सेंटीमीटर. लांब लहर झाडाझुडपांतून बरीच सहज पार होते. पालघरमधल्या खामलोली आणि आसपासच्या सात गावांत, प्रयोगापुरता परवाना घेऊन, याच पट्ट्यातून इंटरनेट पोचवून दाखवण्यात आलं.

पण प्रयोगाचा परवाना म्हणजे कायमचा परवाना नव्हे. हा पट्टा असा सर्वांसाठी खुला झाला नाही. मग पुढचा टप्पा त्यांनी परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झवर उभारला. उंच जागी खांब, एकमेकांकडे रोखलेले अँटेना, आणि गावात उतरल्यावर साधं वाय-फाय. असं करत जाळं २५ गावांपर्यंत गेलं. मार्च २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत ग्राममार्गला पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलरचं.

मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट अँटेना नाही वाटत. त्यांनी जे प्रारूप मांडलं त्यात सरकार आणि खासगी कंपनी यांच्या जोडीला पंचायत होती. गावातल्या जाळ्यात पंचायतीचा वाटा आणि ते सांभाळायला गावातलाच एखादा तरुण. वायर निघाली, बॅटरी बसली, कोणी खांबाला बैल बांधला, तर मुंबईहून इंजिनिअर येईपर्यंत आठवडा जातो. गावातला माणूस दहा मिनिटांत पोचतो.

दुसरीकडचे अनुभवही हेच सांगतात. धरमशाळेच्या डोंगरांत २००५ पासून वाय-फायचं सामुदायिक जाळं उभं राहिलं. तिथे अँटेना माकडांच्या झोंबाझोंबीला टिकेल असा बसवावा लागला. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने खेड्यांतली तपासणी केंद्रं लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. खेड्यातला रुग्ण केंद्रातल्या परिचारिकेसमोर बसतो आणि डॉक्टर शहरातून पडद्यावर त्याच्याशी बोलतात. दोन्हीकडे तंत्र जवळपास सारखं. टिकलं ते सांभाळणाऱ्या स्थानिक माणसांमुळे.

परवानगीचं काय?

हवा सगळ्यांची असली तरी लहरी सरकारच्या अखत्यारीत येतात. २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग. ठरलेल्या ताकदीच्या आत राहून, मान्यताप्राप्त उपकरण वापरून, कोणीही हे पट्टे वापरू शकतो. मात्र ‘परवानामुक्त’ म्हणजे ‘राखीव’ नव्हे. शेजाऱ्याने त्याच चॅनेलवर रेडिओ लावला तर तक्रार करायला जागा नाही, समजुतीने चॅनेल वाटून घ्यायचे.

दुसरा मुद्दा इंटरनेट विकण्याचा. लहर मोकळी असली तरी लोकांकडून पैसे घेऊन इंटरनेट देणं हा परवान्याचा विषय आहे. इथे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ योजना कामाची आहे. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावालासुद्धा ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणून वाय-फाय देऊ शकतो. त्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. लोकांची नोंद आणि हिशेब वरची नोंदणीकृत संस्था ठेवते. जुन्या पिवळ्या एसटीडी बूथची आठवण आहे ना? साधारण तोच विचार.

आणि मुळात इंटरनेट येणार कुठून? २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि आता ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेचा उद्देश देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा आहे. पण पंचायतीचं कार्यालय एका जागी आणि पाडे पाच दिशांना, हे आपल्याकडचं चित्र. पंचायतीपासून पाड्यापर्यंतचे दोन-चार किलोमीटर, हाच बिनतारी दुव्याचा खरा टापू.

गच्चीवाल्यांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे, नाहीतर मंडळात मला कोणी चहा देणार नाही. मोठा बंगला, सोसायटी, वाडी किंवा गणेशोत्सवाचं मैदान, नियम तेच.

शक्य असेल तिथे तारच टाका. वाय-फाय फक्त शेवटच्या काही मीटरसाठी ठेवा. सिग्नल पकडून पुढे फेकणारा स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. दोन टप्पे झाले की चौथाई.

एक ताकदवान राउटर लावण्यापेक्षा तीन साधे, कमी ताकदीवर, योग्य जागी लावा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या राउटरना हे वाटून द्या.

साध्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे, किंवा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना फायबर वापरा. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे एका गच्चीवर वीज पडली तर दुसऱ्या इमारतीतली उपकरणं वाचतात. गच्चीवरच्या खांबाला अर्थिंग हवंच. आपल्याकडचा जूनचा पहिला आठवडा काय असतो ते सांगायला नको.

मग पाड्यावर?

भाऊंबरोबर मी आणि मंडळातले दोन मित्र ऑगस्टमधल्या एका रविवारी पाड्यावर जाऊन आलो. फोनवर नकाशा, हातात दुर्बीण, आणि फुगे. उंच बांबूला लाल फुगा बांधून टेकडीवर उभा करायचा आणि खालून तो दिसतो का बघायचं. लहर कुठून जाईल ते कळायला याहून स्वस्त साधन नाही. पंचायतीच्या बाजूची एक गच्ची आणि पाड्याच्या टेकडीवरची एक मोकळी जागा, यांत साडेतीन किलोमीटर. मधे एक सागाची रांग आडवी येते. नऊ मीटरचा खांब लावला तर ती पार होते.

विजेचा हिशेब पाड्याला गेल्याशिवाय सुचला नसता. दोन रेडिओ आणि एक वाय-फाय मिळून २५ वॅट धरले तर दिवसाला ६०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर हाताशी ९०० वॅट-तास, म्हणजे दीड दिवस. जुलैत आपल्याकडे सूर्य चार-चार दिवस दिसत नाही. म्हणजे बॅटऱ्या दुप्पट-तिप्पट, किंवा रात्री अकरा ते पहाटे पाच जाळं बंद. हे ठरवणारे आम्ही कोण? पाड्यावरच्या बायकांनी दुसरा पर्याय लगेच निवडला. “रात्री पोरांनी झोपायचं असतं,” एक आजी म्हणाल्या. विषय संपला.

आता प्रस्ताव पंचायतीकडे आहे. यंत्रसामग्रीचा खर्च कुठून उभा करायचा ते बोलणं चालू आहे. पण भाऊंनी एक गोष्ट न विचारता सांगून टाकली, “खांबाची किल्ली माझ्याकडे ठेवा. फ्यूज उडाला तर तुम्हाला सिल्वासाहून यायला नको.” आमच्या कागदावरची सगळ्यात अवघड ओळ त्यांनी अशी भरली. त्यांची मुलगी आता सिल्वासात कॉलेजला जाते आणि सुट्टीत पाड्यावरच्या मुलांचे अर्ज तीच भरून देते, टेकडीवर उभी राहून. पुढच्या जूनमध्ये तिच्या धाकट्या भावाची दहावी आहे. मुदत म्हणाल तर आमच्यासाठी तीच.

आपल्या मंडळात इंजिनिअर काही कमी नाहीत. कोणी वायरिंगमध्ये, कोणी सोलरमध्ये, कोणी अकाउंटमध्ये, आणि अर्ज लिहिण्यात तर आपण मराठी माणसं पटाईतच. या कामाला महिन्यातला एक रविवार पुरतो. ज्यांना शिडीवर चढायची भीती वाटत नाही त्यांनी मला जरूर भेटावं. ज्यांना वाटते त्यांनीही भेटावं, खाली उभं राहून शिडी धरायला माणूस लागतोच.